वायपरमधला दवणा

प्रियदर्शनीनं केरबाला पहिल्यांदा पाहिलं ते पायांकडून.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं, गाड्यांच्या कामाचं ते चौथं दुकान. पहिल्या दुकानात तिला विचारलं, "गाडी मिस्टरांची काय?" दुसऱ्यात म्हणाले, "घरातल्या कुणाला तरी पाठवा, समजावून सांगतो." तिसऱ्यानं काहीच न विचारता फ्यूज बॉक्सचं झाकण उचकटायला घेतलं, तेव्हा तिनं त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला, बाजूला ठेवला आणि गाडी मागं घेतली. ती जनावरांची डॉक्टर होती. लाथा झाडणाऱ्या म्हशीच्या मागं उभं राहून पोट भरणाऱ्या बाईला स्क्रू-ड्रायव्हरचं कसलं भ्या?

चौथ्या दुकानासमोर एक जीप उभी होती. दार उघडं आणि दारातून दोन पाय बाहेर. पायांत करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला, डाव्या चपलेचा अंगठा नव्यानं शिवलेला.

"दुकानदार कुठं आहेत?" तिनं पायांना विचारलं.

"हितंच हायत," पाय म्हणाले. "जरा उलटं हायत, एवढंच. बोला."

तिला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"मला गाडीला कॅमेरा बसवायचाय. गाडी बंद असतानाही बघत राहील असला. पण एकसुद्धा वायर कापायची नाही. वॉरंटी अजून वर्षभर आहे, आणि शोरूमवाले कापलेली वायर दिसली की हात वर करतात."

पाय आत ओढले गेले. पलीकडच्या दारातून एक डोकं वर आलं. कुरळे केस, गालावर ग्रीसचा पट्टा. त्यानं आधी गाडीकडं पाहिलं आणि मग तिच्याकडं. हा क्रम तिनं लक्षात ठेवला. बाकीच्यांचा उलटा होता.

"कोण तरास देतंय?" त्यानं विचारलं.

एवढंच. कुणी नवरा, कुणी भाऊ नाही. थेट मुद्दा. मग तिनंही थेट सांगितलं. दूध संघाकडं ती कंत्राटावर होती, शाहूवाडीकडच्या डोंगरातली फिरती तिची. गाडी गावाच्या तोंडाशी लावायची आणि पुढं वाड्यावस्त्यांवर पायी जायचं. परत यावं तर चाकात हवा नाही. महिन्यात तीनदा. दोनदा पुढच्या गावाला उशीर झाला, आणि साहेबांनी सरळ सांगितलं, 'अजून एक जनावर डॉक्टरविना अडलं की फिरती काढून घेणार. ऑफिसात बसा, लसींची रजिस्टरं लिहा. बाईमाणसाला डोंगर झेपत नाही, हे मी आधीच म्हणत होतो.'

हवा सोडणारा बाप्या आणि नापास झाली बाई. असला हिशेब मांडायला ह्या लोकांना शाळेत जावं लागत नाही, तो आपसूक येतो.

केरबानं फडक्याला हात पुसले. "सापडंल," तो म्हणाला. "पर उन्हात उभं ऱ्हाऊ नका, आत बसा."

तो तिच्या गाडीत स्टिअरिंगखाली घुसला आणि टॉर्चच्या उजेडात तिला बोलावलं. ती वाकली. दोघांची डोकी पेडलच्या वर अगदी जवळजवळ आली.

"ही सोळा खिट्ट्यांची जागा दिसती? ओबीडी पोर्ट. गाडी आजारी पडली की मिस्त्री हितं मशीन लावतो. मग गाडी सांगती, कुठं दुखतंय. हितं करंट कायम असतो, गाडी बंद असली तरी. कॅमेऱ्याची ही केबल नुसती खोचायची. कापाकापी न्हाय, सोलासोली न्हाय. नगं झाली तर उपसून काढायची."

"म्हणजे आजार कळायची जागा."

"व्हय की. म्हशीला असली जागा असती तर तुमचं काम किती सोपं झालं असतं!"

"असते की," ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "आम्ही थर्मामीटर तिथंच लावतो."

केरबाला कळायला जरा वेळ लागला. मग त्याचं डोकं स्टिअरिंगला दाणकन आपटलं, कान लाल झाले, आणि तो हसला... असा हसला की शेजारचा टायरवाला डोकावून गेला. त्या हसण्यात पावशेर लाज होती. प्रियदर्शनीला ती लाज आवडली. उगाच का खोटं बोला?

कॅमेरा काचेला चिकटला, केबल कडेच्या रबरात दडली. शेवटी त्यानं केबलच्या टोकाची डबी हातात घेतली.

"आता एक ठरवायचं. गाडी बंद असताना कॅमेरा बॅटरी पितो. किती पिऊ द्यायची? मी बारा पॉइंट चारला तोडतो. त्याच्या खाली बॅटरी गेली की कॅमेरा झोपणार. सकाळी गाडी उठली पायजे न्हवं?"

"अजून खाली घ्या. मला तो चोवीस तास जागा पाहिजे."

"बारा?"

"अजून."

"डॉक्टर, अकरा-आठ आलं की इंजिन नुसतं कण्हतं. ही बॅटरी तीन वर्सांची हाय. मी कुणालाच इतकं खाली लावून देत न्हाय."

"त्या माणसानं गाडीला हात लावला आणि नेमका तेव्हा कॅमेरा झोपलेला असला, तर माझी फिरती गेली. कळतंय का? ती फिरती मला कुणी दिलेली नाही, मी भांडून घेतलीये."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. शहाण्या कारागिरानं अशा वेळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघू नये. त्यानं बघितलं, आणि बटण अकरा पॉइंट आठवर सरकवलं.

*

आठव्या दिवशी माणूस सापडला.

तिच्या आधी त्या डोंगरात सुया टोचत फिरणारा एक बिनडिग्रीचा 'डॉक्टर' होता. ती आल्यापासून त्याचा धंदा बसला होता. कॅमेऱ्यात तो मिशीच्या केसापर्यंत स्पष्ट दिसत होता, उकिडवा बसून चाकाच्या तोंडात काडी घालताना. प्रियदर्शनी कुठं तक्रार घेऊन गेली नाही. सकाळी दूध घालायला गाव रांगेत उभं असताना तिनं मोबाइल काढला आणि किटल्यांच्या त्या रांगेतून एकेकाला क्लिप दाखवत गेली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून तो बाबा तिची गाडी दिसली की रस्ता बदलायचा.

म्हणजे काम झालं होतं. आता शाहूपुरीत जायचं काही कारण उरलं नव्हतं.

कारणं निघाली. एकदा काचेवरचा स्टिकर सैल झाला, एकदा कॅमेऱ्याचं घड्याळ पाच मिनिटं मागं पडलं. एकदा तर ती सरळ आत जाऊन म्हणाली, "आवाज येतोय."

"कसला?"

"माहीत नाही. इथं आलं की थांबतो."

"मग हितंच लावा गाडी," केरबा मान वर न करता म्हणाला. "रोज."

चहा यायचा. तो तिला गाड्यांच्या खोड्या सांगायचा, ती त्याला म्हशींच्या. केरबा हे त्याच्या आज्याचं नाव. शाळेत पोरांनी त्यावरून इतकं छळलं की त्यानं दहावीनंतर शाळाच सोडली, असं तो सांगायचा आणि लगेच म्हणायचा, "खोटं हाय. गणितात गेलतो." ती हसायची. बोलता बोलता मधेच दोघं गप्प व्हायची... आणि त्या गप्प होण्याचं काय करायचं ते दोघांनाही कळायचं नाही. तो फडकं शोधायचा, ती चावी.

मग माघ लागला. जोतिबाचे खेटे सुरू झाले. माघातले पाच रविवार अख्खं कोल्हापूर पंचगंगा ओलांडून वडणग्याच्या वाटेनं डोंगर चढतं, अनवाणी. प्रियदर्शनीचं घर शुक्रवार पेठेत, त्याच वाटेवर. पहिल्या खेट्याच्या संध्याकाळी तिच्या गाडीच्या वायपरमध्ये दवण्याची एक जुडी खोचलेली होती. हिरवीकरडी, बोटांनी चुरली की डोक्यात शिरणाऱ्या वासाची. शेजारच्या तानाबाई दर खेट्याला जायच्या आणि गल्लीभर प्रसाद वाटायच्या. त्यांनीच ठेवला असणार, असं म्हणून प्रियदर्शनीनं दवणा डॅशबोर्डवर ठेवला. दुसऱ्या रविवारी पुन्हा, तिसऱ्याही. सोमवारभर गाडीत तो वास दरवळायचा आणि तिला विनाकारण शाहूपुरी आठवायची.

चौथ्या रविवारी ती ताप येऊन पडून होती. गाडी दिवसभर गल्लीत उभी. दुपारपासून वारं सुटलेलं.

*

सोमवारी सकाळी सातला फोन वाजला. चिमणाबाईचा. शाहूवाडीच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर ही म्हातारी एकटी राहायची. तिची एकच म्हैस होती. "डाक्टरीणबाई, म्हस अडलीया. एक पाय भाईर आलाय, दुसरा न्हाय. या गं लवकर..."

प्रियदर्शनीनं गमबूट चढवले, पेटी टाकली, चावी फिरवली.

कट्. कट्. कट्. इंजिन नुसतं कण्हलं.

तिनं केरबाला फोन लावला. बाराव्या मिनिटाला तो मोटरसायकलवरून हजर होता, मागं बांधलेली चांगली बॅटरी, गळ्यात जंपर केबल. लाल चिमटा, काळा चिमटा. गाडी उठली.

"बंद पडू देऊ नका," तो म्हणाला. "पडली तर पुन्हा उठंल याचा भरोसा न्हाय. मी येतो संगं." आणि बॅटरी मांडीवर घेऊन तो शेजारी बसला.

शहर मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस. केरबानं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर क्लिपा चाळायला घेतल्या. गाडीसमोर काही हललं तरच हा कॅमेरा जागा व्हायचा, नाहीतर डुलकी घ्यायचा. पण काल दुपारपासून तो एक मिनिटही झोपला नव्हता. एकामागं एक क्लिपा. माणूस नाही, कुत्रं नाही. नुसती काचेवर नाचणारी एक हिरवी जुडी. वारं यायचं, जुडी हलायची, कॅमेरा दचकून उठायचा.

केरबाचं बोट पडद्यावरच थांबलं.

"काय आहे?" तिनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

तो म्हणू शकला असता, बॅटरी जुनी हाय. तिला पटलंही असतं. कितीतरी माणसं अशा वेळी बॅटरीवर ढकलून मोकळी होतात, आणि आयुष्यभर तेच करत राहतात.

"दवणा," तो म्हणाला. "वाऱ्यानं हालत हुता. त्यानं रातभर कॅमेरा जागवला, कॅमेऱ्यानं बॅटरी पिली. आन् तोडायची रेघ मी अकरा-आठवर ठेवलेली."

"तानाबाईंना सांगते, पुन्हा—"

"तानाबाई न्हवं." त्यानं मांडीवरच्या बॅटरीकडं पाहिलं. "मी. खेट्यावरनं येताना... मी खोचतो. चारी रविवार."

तिनं गिअर खाडकन टाकला.

"तू?" ती म्हणाली. आजवर ती त्याला अहो-जाहो करत होती. "तुझा धंदा हा, कॅमेरा तू बसवला, केबल तू खोचली, आणि त्याच्याच डोळ्यांपुढं पाला नाचवला? तुला कळत नव्हतं?"

"न्हाय सुचलं."

"तिकडं जनावर अडलंय, केरबा! रेडकू गुदमरून मेलं तर त्या म्हातारीचं काय? आणि माझी फिरती? साहेब टपून बसलाय. त्याला काय सांगू? कुणीतरी मला चोरून दवणा देत होतं?"

"उतरू का?" त्यानं हळूच विचारलं.

"उतरून कसं चालेल? गाडी बंद पडली तर?"

तिचे डोळे भरून आले होते. रागानं. आणि त्या रागाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, त्याचा तिला अधिकच राग आला.

*

चिमणाबाईच्या गोठ्यात म्हैस आडवी पडली होती, डोळे फिरवत. प्रियदर्शनीनं खांद्यापर्यंत हात साबणानं धुतला आणि आत घातला. एक पाय आत दुमडून बसला होता. दहा मिनिटं ती डोळे मिटून, बोटांनीच शोधत राहिली. घाम नाकावरून ठिबकत होता.

"आला... खूर आला मुठीत. केरबा, दोरी."

त्यानं दोरी दिली.

"धर. म्हशीला कळ आली की ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. ताकद दाखवायची नाही."

कळ आली. दोघांनी ओढलं. थांबली. दोघं थांबली. पुन्हा. त्याचा खांदा तिच्या खांद्याला घासत होता, दोघांचे श्वास म्हशीच्या कळांबरोबर चालले होते. असं कुणाशी इतकं जुळून आपण कधी काम केलं नव्हतं, हे तिच्या मनात विजेसारखं चमकून गेलं आणि लगेच विझलं, कारण रेडकू बाहेर आलं होतं... आणि हलत नव्हतं.

तिनं नाकातोंडातला चिकटा काढला. छाती चोळली. मागचे पाय धरून उचललं, पुन्हा ठेवलं. काही नाही. काळजाचे ठोके होते, श्वास नव्हता.

"काडी! गवताची काडी दे, नाकात घालायला. शिंकवायचंय!"

केरबानं आजूबाजूला पाहिलं. खाली सगळा ओला चिखल, काडी म्हणून हातात येईना. त्यानं खिशात हात घातला. निघताना वायपरमधून काढलेली जुडी खिशातच होती. त्यानं दवण्याचा एक ताठ देठ ओरबाडला आणि तिच्या हातावर ठेवला.

तिनं एक क्षण त्या देठाकडं पाहिलं. मग तो रेडकाच्या नाकपुडीत सारला, फिरवला.

एकदा. दोनदा.

फुर्रर्र!

रेडकू असं शिंकलं की तिचं तोंड, केरबाचा शर्ट, सगळं एक झालं. छाती भात्यासारखी वरखाली झाली. चिमणाबाई रडायलाच लागली. "रेडी हाय गं माय, रेडी! दवण्यानं उठली, जोतिबाची हाय ही!" मग पदरानं नाक पुसून तिनं केरबाला विचारलं, "पावणं, तुमी पण डाक्टर काय?"

"न्हाय आजी. मी गाड्यांचा हाय."

"मग हिकडं कशापाय आलाय?"

केरबानं प्रियदर्शनीकडं पाहिलं. ती बादलीत हात धूत होती. तिनं मान वर केली नाही, पण हात धुवायची थांबली.

"माझी चूक निस्तरायला," तो म्हणाला.

दुपारी साहेबांचा फोन आला. उशिराबद्दल त्यांनी तोंड उघडायच्या आत चिमणाबाईनं फोन हिसकावून घेतला आणि डोंगरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "म्हस जित्ती, रेडी जित्ती! आमची डाक्टरीण बदलली तर संघाला दूधच घालणार न्हाय, सांगून ठेवते!" फिरती राहिली.

परत येताना तिनं त्याला दुकानापाशी सोडलं; मोटरसायकल तो नंतर नेणार होता. तो उतरला, दार लावलं, खिडकीशी वाकला.

"ती रेघ बारा-चारला घेऊ?"

"घे," ती म्हणाली. "रात्रभर पहारा नको. सकाळी उठता आलं पाहिजे."

त्यानं स्टिअरिंगखाली हात घालून बटण सरकवलं. केस तिच्या कोपराला लागले. ती हलली नाही.

घरी येऊन तिनं कॅमेऱ्याचं कार्ड मोबाइलला लावलं आणि खेट्यांच्या क्लिपा शोधल्या. रविवार, दुपार. केरबा काचेसमोर, कपाळाला गुलाल, पायाच्या बोटाला चिंधी. जुडी खोचतो. निघतो. दुसरा रविवार, तेच. तिसऱ्या रविवारी खोचून तो निघून गेला, दहा पावलांवरून परत आला, शर्टाच्या बाहीनं तिच्या बाजूची काच पुसली, आणि मग लंगडत गेला.

ती तिसरी क्लिप तिनं किती वेळा पाहिली ते सांगत नाही. तिचंही काही खासगी आहे.

*

शनिवारी ती दुकानात गेली आणि कार्ड त्याच्या हातावर ठेवलं. "शेवटची क्लिप बघ. काहीतरी बिघाड आहे."

केरबानं कार्ड लॅपटॉपला लावलं. ती दारात उभी राहिली, रस्त्याकडं पाठ करून. पडद्यावर सकाळची गल्ली आली. मग प्रियदर्शनी स्वतःच गाडीसमोर येऊन उभी राहिली, गमबुटांत, हातात वाळलेला दवणा. कॅमेऱ्यात बघून बोलू लागली, म्हशीला औषध पाजताना बोलते त्याच आवाजात.

"केरबा, ऐक. चूक केलीस ती मोठी केलीस. पण विचारल्यावर खोटं बोलला नाहीस. मला आजवर भेटलेल्या माणसांत असली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि त्यातली तीन म्हातारी आहेत. मला तू आवडतोस. हे मी इथं सांगतेय कारण तुझ्यासमोर उभी राहिले की मला चावी शोधावी लागते. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगून झालंय. ते म्हणाले, त्याला आधी माझ्या स्कूटरचा हॉर्न नीट करायला सांग. तुझं जे काय असेल ते मला तोंडानं सांग. वायपरला सांगू नकोस."

क्लिप संपली. त्याचे कान मागूनसुद्धा लाल दिसत होते.

"डॉक्टर..." तो म्हणाला.

"डॉक्टर नको."

"मग?"

"घरात दर्शनी म्हणतात."

तो उठला. फडकं शोधलं नाही. ग्रीसचे हात तसेच बाजूला धरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"दर्शनी," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं विसरला. "पयल्या दिवशी बटण खाली सरकवलं न्हवं... तवाच मला कळलं हुतं. मी कुणासाठी बी रेघ मोडत न्हाय. तुझ्यासाठी मोडली. लई आवडतेस तू मला. बास, एवढंच येतंय."

"एवढं पुरे," ती म्हणाली. आणि त्याच्या ग्रीसच्या हातात आपला हात दिला. पुढं दोन दिवस तो काळा राहिला. तिनं घासला नाही.

दुसऱ्या दिवशी पाचवा खेटा होता. गाडी गल्लीत उभी, वायपर रिकामा. पूल ओलांडून दोघं वडणग्याच्या वाटेला लागली, गर्दीत, अनवाणी. केरबाला चालायची सवय, तो दोन पावलं पुढं. तिनं पुन्हा त्याचे पायच पाहिले. या वेळी धुळीनं भरलेले, बोटाला तीच चिंधी.

"केरबा."

"आं?"

"पुढं काय चालतोस? शेजारी चाल की."

त्यानं मागं पाहिलं. मग पावलं आखूड केली.